गणपतराव देशमुख दोनदा पडले होते, ते लपवू नका

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) आमदार भाई गणपतराव देशमुखांवरचा एक मेसेज गेली काही वर्षं फिरतो आहे. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचं निधन झालं तेव्हा तो घराघरांत पोचला. त्यानंतर कुणी आमदार पक्ष बदलतो, कुठली निवडणूक लागते, की तो पुन्हा वर येतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो. सांगोल्यातून एकाच पक्षाकडून सलग अकरा वेळा आमदार, पराभव एकदाही नाही. पंचावन्न वर्षं विधानसभेत. मंत्रिपदाला कधी हात लावला नाही. देशात हा विक्रम दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही. लोकांनी फक्त साधेपणाला मतं दिली. आणि ते गेले तसा सांगोल्यातला शेकापचा लाल बावटाही गेला.

यातलं सांगोला खरं, अकरा खरं, एकच पक्ष हेही खरं. बाकीचं एकतर चुकीचं आहे किंवा अर्धवट. गणपतरावांविषयी मला मनापासून आदर आहे. तो असल्यामुळेच हा मेसेज मला खटकतो, कारण कौतुकाच्या भरात तो त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात बोलका भाग पुसून टाकतो.

सलग अकरा वेळा, पराभव नाही

त्यांच्या विजयांची वर्षं अशी: १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. मोजून अकरा. पण या यादीत १९७२ नाही आणि १९९५ नाही. या दोन्ही निवडणुका गणपतराव लढले आणि दोन्ही हरले.

१९७२ ची निवडणूक बांगलादेश युद्धानंतर अवघ्या तीन महिन्यांनी झाली. इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रात २७० पैकी २२२ जागा घेतल्या. १९६७ मध्ये १९ आमदार असलेला शेतकरी कामगार पक्ष ७ वर आला. त्या पडझडीत सांगोलाही गेलं, काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. पुढे १९७४ मध्ये तिथे पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत विधानसभेत गेले. अकराच्या आकड्यात ही पोटनिवडणूकही धरलेली आहे. म्हणजे मेसेजमधला अकरा हा आकडा जुळतो तोच मुळी एका पराभवानंतरच्या पोटनिवडणुकीमुळे.

१९९५ चा पराभव वेगळा होता. तेव्हा शहाजीबापू पाटील काँग्रेसचे उमेदवार होते. २०२२ च्या शिवसेनेतल्या बंडात गुवाहाटीहून केलेल्या त्या फोनमुळे पुढे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत झाले, तेच. त्यांनी गणपतरावांना १९२ मतांनी हरवलं. पाचसहा वस्त्यांनी वेगळा विचार केला असता तर निकाल उलटा लागला असता. १९६२ पासून ज्या माणसाला तालुका ओळखत होता, त्याला तालुक्याने इतक्या थोडक्या फरकाने का होईना, पण घरी बसवलं. साडेचार वर्षांनी, १९९९ ला, त्याच तालुक्याने त्याला परत पाठवलं आणि पुढे आणखी तीन वेळा पाठवत राहिला.

एवढ्या लांब कारकिर्दीनंतर, साठी उलटून गेल्यावर, अशा निसटत्या पराभवानंतर कितीतरी नेते राजकारण सोडतात, विधान परिषदेची वाट धरतात नाहीतर दुसऱ्या पक्षाच्या दारात उभे राहतात. गणपतराव त्याच पक्षात, त्याच तालुक्यात राहिले. ही गोष्ट सांगायची तर आधी पराभव सांगावा लागतो. मेसेजने पराभव काढून टाकला आणि त्याबरोबर ही गोष्टही गेली.

पंचावन्न वर्षं

हा आकडा कुठून आला हे उघड आहे: अकरा पंचे पंचावन्न. पण विधानसभा दर वेळी पाच वर्षं चालली असं नाही. १९७८ ला निवडून आलेली विधानसभा १९८० च्या फेब्रुवारीतच बरखास्त झाली, दोन वर्षंही पुरी झाली नाहीत. १९७४ च्या पोटनिवडणुकीने त्यांना उरलेला काळच मिळाला. १९६२ ते २०१९ या ५७ वर्षांतून बाहेर राहण्याचे दोन तुकडे वजा केले तर सभागृहातली वर्षं साधारण पन्नास भरतात. पन्नास काय कमी आहेत? पाच वर्षं फुगवून सांगण्याची गरज नव्हती.

मंत्रिपदाला हात लावला नाही

लावला, आणि दोनदा. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात शेकाप होता आणि गणपतराव मंत्री होते. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केलं. १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारला शेकापने साथ दिली, तेव्हाही ते मंत्रिमंडळात होते. २००२ मध्ये शेकापने पाठिंबा काढून घेतला. सरकार अडचणीत आलं, पण विश्वासदर्शक ठरावावर तरलं.

मंत्रिपद घेतलं म्हणजे माणूस कमी प्रामाणिक ठरतो, असं हा मेसेज न बोलता सुचवतो. मला हे अजिबात मान्य नाही. दुष्काळी तालुक्याच्या आमदाराला कामं करायची असतात आणि कामांसाठी सत्ता लागते. पक्षाने सरकारात जायचं ठरवलं तेव्हा ते गेले, पक्ष बाहेर पडला तेव्हा बाहेर पडले. खुर्चीसाठी पक्ष सोडला नाही, हे सांगण्यासारखं आहे आणि ते खरंही आहे. बाकी बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते, एवढं म्हणणं पुरेसं आहे.

देशात दुसरा कुणी नाही

तामिळनाडूत करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले आणि एकदाही हरले नाहीत. फक्त त्यांचे मतदारसंघ बदलत गेले: कुळित्तलै, तंजावर, सैदापेट, अण्णानगर, हार्बर, चेपॉक, तिरुवारूर. केरळात के. एम. मणी यांनी एकट्या पाला मतदारसंघातून १९६५ ते २०१६ मध्ये तेरा निवडणुका जिंकल्या. ओमन चंडी पुदुप्पळ्ळीतून १९७० पासून २०२१ पर्यंत ओळीने बारा वेळा जिंकले.

आता मणींच्या केरळ काँग्रेसच्या फुटी आणि गट वेगळे मोजा, चंडींनी १९८० ची निवडणूक इंदिराविरोधी काँग्रेसकडून लढवली हे लक्षात घ्या, मग गणपतरावांच्या अकराचं वजन कळतं. एकच मतदारसंघ आणि एकच पक्ष या दोन अटी एकत्र लावल्या की भलेभले मागे पडतात. मेसेज लिहिणाऱ्याने ही तुलना केली असती तर त्याला खोटं बोलावं लागलं नसतं.

एकच मतदारसंघ म्हणतानाही थोडं जपून. नाव तेच राहिलं, सीमा तीच राहिली नाही. २००९ पासून लागू झालेल्या पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ सांगोल्याला जोडलं गेलं. शेवटच्या दोन निवडणुका ते या नव्या मतदारांसह जिंकले.

फक्त साधेपणामुळे

सगळ्यात जास्त पसरलेला आणि माझ्या मते सगळ्यात नुकसान करणारा दावा हाच. एसटीने प्रवास करणारा आमदार, ही प्रतिमा खोटी नाही. पण साधेपणाने निवडणूक जिंकता येत असती तर १९७२ ला आणि १९९५ ला का जिंकता आली नाही? तेव्हा ते काय श्रीमंती थाटात फिरत होते? साधेपणा अकरा विजयांत होता तसाच दोन पराभवांतही होता. मग विजयाचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

सांगोला पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी. इथलं राजकारण पाण्याभोवती फिरतं आणि गणपतरावांचंही फिरलं. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीच्या पाणी परिषदांमधून दुष्काळी तालुक्यांची जी चळवळ उभी केली, तिच्यात गणपतराव पहिल्यापासून होते. कृष्णेचं पाणी उचलून माणदेशात आणायचं, ही त्या चळवळीची मागणी. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी सांगोल्याच्या शिवारात येण्यामागे मोर्चे आहेत, परिषदा आहेत, विधानसभेत वर्षानुवर्षं लावून धरलेले प्रश्न आहेत. १९९५ ते ९९ या काळात ते आमदार नव्हते, चळवळीत मात्र होतेच.

शिवाय संस्था. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी करणं आणि ती चालवून दाखवणं हे साधेपणाचं काम नव्हे, ते व्यवस्थापनाचं काम आहे. महाराष्ट्रात बंद पडलेल्या सूतगिरण्यांची रांग पाहिली की त्याची किंमत कळते. त्यात भर शेकापच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांची. राज्यात पक्ष १९७८ मध्ये १३, १९९० मध्ये ८, १९९९ मध्ये ५, २००४ मध्ये २ असा आटत गेला, तरी सांगोल्यात त्याच्या बैठका, त्याचे बूथ, त्याचा बावटा शाबूत राहिला. मूळचा मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा एक वकील सांगोल्यात येतो आणि ही फळी बांधतो. ती बांधायला दशकं लागली. त्या फळीमुळेच २०१४ च्या मोदी लाटेत, नव्वदीकडे झुकलेल्या वयात, त्यांनी शिवसेनेकडून उभ्या राहिलेल्या शहाजीबापूंना सुमारे २५ हजार मतांनी हरवलं.

हे सगळं गाळून फक्त एसटीचा प्रवास उरवला की तालुक्यातले हजारो लोक चित्रातून बाहेर जातात. पाणी परिषदेला ट्रकमधून गेलेले, गिरणीत राबलेले, बूथवर दिवसभर बसलेले. आणि मतदार तेवढे भाबडे ठरतात, चांगल्या माणसाला डोळे मिटून मत देणारे. सांगोल्याचा मतदार तसा कधीच नव्हता. त्याने दोनदा हिशेब मागून दाखवला आहे.

ते गेले आणि बावटाही गेला

इथे घटनांचा क्रमच चुकलेला आहे. गणपतरावांनी २०१९ ची निवडणूक लढवली नाही. शेकापने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभं केलं आणि शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी निवडून आले. हा निकाल गणपतराव हयात असताना लागला, त्यांच्या निधनामुळे नव्हे. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा जागा आधीच हातातून गेलेली होती.

२०२४ मध्ये शेकापने दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना उमेदवारी दिली. उमेदवारी घरातच राहिली हे मला फारसं आवडलेलं नाही, चार पिढ्या राबलेल्या कार्यकर्त्यांच्या पक्षात दुसरं नाव मिळायला हवं होतं. पण निकाल स्पष्ट होता. महायुतीने राज्यभर मुसंडी मारलेल्या त्या निवडणुकीत बाबासाहेबांनी शहाजीबापूंना २५ हजारांहून जास्त मतांनी हरवलं. त्या वर्षी शेतकरी कामगार पक्षाची महाराष्ट्रात एकच जागा निवडून आली, आणि ती सांगोल्याची.