खिडकीवाल्यांच्या हिताच्या चार गोष्टी

विमानात खिडकीची सीट मिळाली की बूड टेकण्याआधी झडप खाली ओढावी. खट्ट असा आवाज झाला पाहिजे. या रांगेत उजेडाचं खातं कुणाकडे आहे, हे मधल्याला आणि कडेच्याला त्या आवाजावरूनच कळतं. बाहेर बघायला म्हणून खिडकी घेतात, हा भाबड्या लोकांचा समज. बाहेर काय, मधल्या सीटवरचाही मान वाकडी करून बघतो. झडपेपर्यंत मात्र त्याचा हात पोचत नाही. आपण पैसे मोजले ते त्या झडपेचे.

खिडक्याच नसत्या तर विमान हलकं झालं असतं आणि मजबूतही. पण तुमच्या हौसेखातर इंजिनिअर मंडळींनी धडधाकट पत्र्याला भोकं पाडली. 1954 मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमानं हवेतच फुटली आणि तपासात कळलं की अशा भोकांच्या कोपऱ्यांशी ताण साठून धातूला तडे जातात. म्हणून पुढे कोपरे गोल झाले. खिडकीला तीन थर आले: बाहेरचा दाब सोसायला, मधला तो फुटलाच तर सांभाळायला, आणि आतला या दोघांना तुमच्या कपाळापासून वाचवायला. मधल्या थराला बारीक छिद्र असतं. त्यामुळे दाब बाहेरच्या थरावर राहतो आणि खिडकी धुरकट होत नाही. शेजाऱ्याने त्या छिद्राबद्दल विचारलंच तर ‘हवा गळतेय बहुतेक’ एवढंच म्हणावं आणि झडप बंद करावी.

आता मुख्य नियम. क्रू सांगेल त्याच्या बरोब्बर उलट करायचं. तेवढं पाळलं की बाकी काही लक्षात ठेवावं लागत नाही.

उड्डाणाआधी ‘झडप वर करा’ असं सांगत क्रूमधली कुणीतरी येईल. आपण झडप दोन बोटं वर करायची, ओठांच्या कोपऱ्यातून हसायचं, आणि तिची पाठ वळली की पुन्हा खाली. ती हे उगाच सांगत नसते. उड्डाण आणि उतरणं हेच धोक्याचे टप्पे. बाहेर आग आहे का, इंजिनातून धूर येतोय का, कुठल्या बाजूचं दार उघडायचं नाही, हे खिडकीतूनच दिसतं. बाहेरून मदतीला आलेल्यांनाही आत डोकावता येतं. रात्री दिवे मंद करतात तेही याचसाठी. काळोखाला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, दिवे गेल्यावर ती कोण देणार? तेव्हा दिवे मंद झाले रे झाले की डोक्यावरचा दिवा लावावा आणि फोनचा उजेड शेवटपर्यंत चढवावा.

निम्मे दरवाजे बंद धरून 90 सेकंदांत सगळे बाहेर पडतात, हे विमान बनवणाऱ्याला सिद्ध करून दाखवावं लागतं. 2006 मध्ये हॅम्बुर्गला ए-380 या दुमजली विमानाच्या चाचणीत अंधारात 873 माणसं 78 सेकंदांत उतरली. त्यांत तुम्ही नव्हतात, म्हणून जमलं.

काही देशांत लष्करी धावपट्टीवर चढता-उतरताना झडपा बंद ठेवायला सांगतात. तिथे नेमकं तुम्हाला निसर्गप्रेमाचं भरतं यावं. कडक उन्हात विमान उभं असताना उतरता उतरता ‘झडप लावून जा, आत तापतं’ अशी विनंती होते. ती सताड उघडी टाकून बॅग उचलावी. पुढच्या प्रवाशांना ऊब मिळेल.

प्रवासाच्या मधल्या तासांत मात्र नियम नसतो, नुसती रीत असते, म्हणजे खरा वाव तिथेच. रात्रभर पूर्वेकडे जाणाऱ्या विमानात सूर्य लवकर गाठ घेतो. शरीराच्या घड्याळात अजून मध्यरात्र, सगळे तोंड उघडं टाकून झोपलेले. अशा वेळी झडप एका झटक्यात वर. उन्हाची तिरीप थेट कडेच्या सीटवरच्याच्या पापण्यांवर पडते. तो दचकून तोंडाची लाळ पुसतो, घड्याळ बघतो, मग तुमच्याकडे बघतो. आपण त्या क्षणी ढगांकडे बघत असावं. सूर्य कुणाच्या बापाचा नाही, पण झडप आपली आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी खिडकी जवळपास सगळे अडवते, यूव्हीए काही प्रमाणात आत येतात. म्हणून आपण स्वतः टोपी पुढे ओढून झोपून जावं.

एक खिडकी दोन रांगांच्या मध्ये आली तर? येते. खिडक्यांचं अंतर विमान बनवणारा ठरवतो, सीटांचं कंपनी, आणि दोघांचा मेळ बसेलच असं नाही. काही बोइंग 737 मध्ये तर एखाद्या रांगेला खिडकीच्या जागी नुसती भिंत असते, आतून वातानुकूलनाची नळी गेलेली. तिथले प्रवासी भिंतीला कपाळ टेकून बसतात. त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण सामाईक झडप हे युद्ध आहे. पुढचा न वळता हात मागे टाकून ती अर्धी ओढेल. आपण चार बोटं वर सरकवावी. तो दोन खाली. तासभर हे चालू द्यावं, तोंडातून शब्द काढू नये. बोललात तर समेट व्हायची भीती.

या सगळ्या विद्येवर घाला घातला बोइंग 787 ने. 2011 पासून हे विमान सेवेत आहे आणि त्याला झडपच नाही. खाली एक बटण. ते दाबलं की काच हळूहळू निळसर काळी होत जाते, पुरती काळी व्हायला वेळ घेते. ना खट्ट, ना झटका. वर क्रू एका जागी बसून सगळ्या खिडक्या एकदम काळ्या करून तशाच अडकवून ठेवू शकतो. मग तुमचं बटण नावापुरतं. तरी दाबत राहावं. काहीच होत नसेल तर डोक्यावर क्रूला बोलवायचं बटण असतंच. त्याला अजून कुणी कुलूप लावलेलं नाही.