त्या डॉक्टरला देवमाणूस म्हणू नका

रविवारी भाच्याने घरच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, 'मावशी, वाच म्हणजे कळेल.' पोरगं बेळगावात टिळकवाडीत कॉलेजला आहे, एकांकिकेत हिटलरच्या शेवटच्या दिवसांचं स्वगत करणार आहे. मेसेजचं म्हणणं असं: २००४ च्या 'डाउनफॉल' या जर्मन सिनेमावर टीका करणारे कोत्या मनाचे, तो हिटलरच्या सेक्रेटरीच्या आठवणींवर बेतलेला, म्हणजे सगळं खरंच, ती सेक्रेटरी निष्पाप, हिटलर कुत्र्याला जीव लावणारा साधा माणूस होता, आणि त्याच्याभोवती डॉ. शेंकसारखी देवमाणसंही होती.

कुत्र्याचं आधी उरकते. विषाची कुपी खरंच काम करते का, हे बघायला एप्रिल १९४५ मध्ये ती त्या कुत्रीलाच, ब्लॉन्डीला, दिली, हिटलरच्याच हुकमाने. आणि असता जीव लावत, तरी काय? दर १७ जानेवारीला आपण हुतात्मा चौकात सीमालढ्यातल्या १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन करतो, तेव्हा गोळी झाडणारा घरी किती प्रेमळ होता हे कुणी विचारत नाही.

माझं डोकं फिरलं ते शेंकवर. सिनेमात तो तोफांच्या माऱ्यात जखमींसाठी जिवाचं रान करतो. पहिल्यांदा बघताना माझेही डोळे भरले होते, म्हणून राग जास्त. हा अर्न्स्ट-गुंथर शेंक एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, अन्नपुरवठ्यातला वरचा अधिकारी. माउटहाउझेन छळछावणीत कैद्यांवर आहाराचे प्रयोग झाले, त्यात त्याचा हात होता. उपाशी राबणाऱ्या माणसांना काय खाऊ घातलं तर ती किती तगतात, याचा हिशेब! युद्धानंतर पश्चिम जर्मनीत त्याला पुन्हा डॉक्टरकी करू दिली नाही. सिनेमात यातलं अवाक्षर नाही. इतिहासलेखक जाइल्स मॅकडोनो यांनी नेमकं यावर बोट ठेवलं, तेव्हा दिग्दर्शक हिर्शबीगल म्हणाले, शेंकवरचे आरोप मला पटले नाहीत. मग देवमाणूस तरी कशावरून पटला?

सेक्रेटरी त्राउडल युंगेने पाहिलं ते पाहिलं. पण हिटलरच्या जमिनीखालच्या बंकरातून आउशविट्झची छळछावणी दिसत नाही. आणि मेसेज तिला निष्पाप म्हणतो, ती मात्र म्हातारपणी, त्याच सिनेमाच्या शेवटी, तरुण असणं ही सबब नाही असं सांगते. हिटलरला विरोध केला म्हणून १९४३ मध्ये मारली गेलेली सोफी शोल साधारण तिच्याच वयाची होती.

एक मान्य करते. हिटलर माणूसच होता. राक्षस म्हटलं की त्याला साथ देणारे लाखो सुटतात. पण मग पुरा माणूस दाखवा. २९ एप्रिलला त्याने युंगेलाच राजकीय मृत्युपत्र सांगितलं, तिनेच ते टाइप केलं. त्यात पश्चात्तापाचा शब्द नाही. युद्धाचं खापर ज्यूंवर, आणि शेवटच्या वाक्यात त्यांच्याशी निर्दयपणे लढत राहण्याची आज्ञा.

भाच्याला तेवढंच कळवलंय: स्वगत कर, पण त्यात तो कागद वाचून दाखव, मधलं एक वाक्यही न गाळता.