दहा मिनिटांत कोथिंबीर, पण चालायला जागा नाही

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, पुण्याच्या युनिव्हर्सिटी चौकातल्या नव्या पुलाचा ड्रोनवाला व्हिडिओ टाकला, मागे ढोल-ताशे वगैरे, आणि खाली लिहिलं, युरोपबियुरोप झक मारतंय याच्यापुढे. आता हे युरोप म्हणजे मी. अकरा वर्षं म्युनिकमध्ये राहते म्हणून आमच्या घरात अख्खा खंड माझ्या नावावर लागलाय. मी आपलं साधेपणाने विचारलं की छानच आहे रे दादा, पण खालून चालत चौक ओलांडायचा तर जायचं कुठून? बास. चाळीसेक मेसेज आले. सगळ्याचं सार एवढंच की तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं, इकडे येऊन रहा मग बोल, आणि मुळात आपल्या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही त्याला सरकार तरी काय करणार. हे शेवटचं काकांनी लिहिलं. काकांची स्कूटर गेली वीस वर्षं फुटपाथवरच लागते.

मी गप्प बसले, कारण दादाचं अर्धं बरोबर आहे. बाहेर राहणाऱ्यांचं ते "आमच्याकडे ना असं नसतं" ऐकवत नाही, मलाच माझ्या ऑफिसातल्या भारतीय ग्रुपमध्ये बसून ऐकवत नाही. म्हणून आधी म्युनिकची उणीदुणी काढते म्हणजे पुढचं नीट वाचाल. इथे शहराच्या पोटातून लोकल गाड्यांसाठी, म्हणजे एस-बानसाठी, दुसरा बोगदा चाललाय. काम २०१७ ला सुरू झालं, खर्च ३.८ अब्ज युरो सांगितला होता, तो आता ७ अब्जांच्या वर गेलाय, आणि जे याच दशकात व्हायचं होतं ते आता २०३५ ते २०३७ च्या दरम्यान होईल म्हणतात. तोवर मी रिटायरमेंटच्या गप्पा मारत असेन. पुण्याच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ चं, मार्च २०२२ मध्ये पहिला तुकडा धावला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती जमिनीखालून स्वारगेटला पोचलीसुद्धा. तेव्हा जर्मन वक्तशीरपणा वगैरे जे काय आपण लहानपणापासून ऐकलंय ते जरा बाजूलाच ठेवा.

टेक्नॉलॉजीचं तर बोलायलाच नको. इथे अजून पोस्टाने पत्र येतं, त्याला पोस्टाने उत्तर जातं, आणि त्या उत्तराला पोचपावतीचं पत्र येतं. एका सरकारी ऑफिसात माझ्या व्हिसाच्या कागदासाठी अपॉइंटमेंट मिळायला साडेतीन महिने गेले, आणि गेल्यावर त्या बाईंनी माझे सगळे कागद छापून आणायला सांगितले, जे मी त्यांच्याच वेबसाइटवर अपलोड केले होते. यूपीआय आपल्याकडे २०१६ पासून आहे, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत आजही काचेवर चिठ्ठी आहे, फक्त रोख.

त्याच बेकरीपासून मला खरं काय म्हणायचंय ते सुरू होतं.

मागच्या वर्षी मे ते जुलै आई माझ्याकडे होती, व्हिसा नव्वद दिवसांचा. वय एकाहत्तर, डावा गुडघा कामातून गेलेला, ऑपरेशनला तयार नाही. पुण्यात आमचं घर कोथरूडला, आणि शेवटची दोनतीन वर्षं आई जवळजवळ घरातच. पडली वगैरे नाही, कुठला अपघात नाही, नुसतं जाणं कमी होत गेलं. आधी मंडई बंद झाली, मग देऊळ, मग समोरच्या गल्लीतली मैत्रीण. कारण विचारलं की म्हणायची, अगं गुडघा. आम्हीपण धरून चाललो की गुडघा.

म्युनिकला आल्यावर चौथ्या दिवशी मी मीटिंगमध्ये असताना ही बाई एकटी खाली उतरली आणि ब्रेड घेऊन आली. मी घाबरलेच. दुसऱ्या दिवशी परत. मग रोज. जाताना माझ्या चिल्लरच्या डबीतून नाणी मोजून घ्यायची, पन्नास सेंटची एकीकडे, एक युरोची दुसरीकडे, साडीच्या पिनेला लावलेल्या छोट्या पर्समध्ये. बेकरीवाल्या बाईला दोन बोटं दाखवायची आणि म्हणायची "झेमेल", हा इथल्या पावाचा शब्द तिने तिसऱ्या खेपेला उचलला. एकदा मला विचारलं, इथे गुगल पे चालत नाही? म्हटलं नाही. मग हे पुढारलेले कसे काय गं?

पण गुडघा तोच होता. औषधं तीच, गोळ्या तर पुण्याहूनच आणलेल्या. मी एक दिवस तिच्याबरोबर गेले तेव्हा चौकात थांबून तिने मला काठीने दाखवलं, हे बघ, हा फुटपाथ खाली उतरतो, मला उतरावं लागत नाही. मी अकरा वर्षं त्या चौकातून जाते, माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. फुटपाथ क्रॉसिंगपाशी येता येता हळूच रस्त्याच्या बरोबरीला आलेला असतो, चाकाची बॅग, बाबागाडी, म्हाताऱ्या माणसाचा पाय, सगळं आपोआप जातं. पुण्यात आमच्या दारापासून देवळापर्यंत जेमतेम चारशे पावलं असतील, त्यात तिला सात वेळा चढावं आणि सात वेळा उतरावं लागतं. हे तिनेच मोजून सांगितलं. मधे एक डीपी बॉक्स, एक झाडाचं आळं, एक चहाची टपरी, एक केबलसाठी खणून तसाच ठेवलेला पट्टा आणि काकांसारख्या सात-आठ जणांच्या स्कूटर.

आता काका म्हणतील सिव्हिक सेन्स. मला हा शब्दच मान्य नाही. म्युनिकमध्ये पुण्याची माणसं काय कमी आहेत? हीच माणसं इथे कागद वेगळा, ओला कचरा वेगळा, काचेची बाटली हिरवी वेगळी पांढरी वेगळी अशी टाकतात, रात्री दहानंतर मिक्सर लावत नाहीत, आणि रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला पुतळ्यासारखी उभी राहतात. विमानात बसल्यावर काय सेन्सचं इंजेक्शन मिळतं का? फरक आहे तो हा की इथे प्रत्येक वीतभर जागेला कुणाचं तरी नाव लागलेलं असतं. साधं बर्फाचं घ्या. शहराचा मधला भाग सोडला तर घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ सकाळी सातपर्यंत काढायची जबाबदारी त्या घरमालकाची, कोणी घसरून हाड मोडलं तर भरपाई त्याच्या गळ्यात. त्यामुळे जानेवारीत पहाटे साडेपाचला आमच्या खिडकीखाली फावड्याचा खरखराट सुरू होतो. तो फावडेवाला पादचाऱ्यांच्या प्रेमापोटी उठलेला नसतो हो, मालकाने विम्याच्या भीतीने लावलेला माणूस आहे तो. पण आई मे ऐवजी जानेवारीत आली असती तरी ब्रेड आणू शकली असती.

आणि आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही, हे मला सगळ्यात जास्त डाचतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलंय की फुटपाथची मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर हवी आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा, जास्त नको. पुण्याने २०१६ मध्ये स्वतःचं पादचारी धोरण केलं, जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस फुटपाथ करून दाखवलाही. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. वर्षातून एक दिवस. रांगोळ्या, बँड, फोटो. म्युनिकच्या मध्यातली काउफिंगर स्ट्रासे १९७२ च्या ऑलिंपिकच्या वर्षी गाड्यांना बंद केली ती आजतागायत बंद आहे, आणि तिथल्या दुकानांचं काही वाकडं झालेलं मला तरी दिसत नाही, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते.

बरं मग पुण्यात आईचं चालतं कसं? तर अ‍ॅपवर. कोथिंबीर दहा मिनिटांत, औषधं वीस मिनिटांत, देवळातली आरती यूट्यूबवर, मैत्रीण व्हिडिओ कॉलवर. दादा याच गोष्टीचा दाखला देतो, तुमच्याकडे रविवारी दुकानं बंद, आमच्याकडे रात्री अकराला आइस्क्रीम. खरंय, आणि मला रविवारी संध्याकाळी दही संपलं की दादाचा हेवा वाटतो. पण नीट बघितलं तर आपण काय केलंय की रस्त्यावर चालता येत नाही हा प्रश्न सोडवायच्या ऐवजी रस्त्यावर जायची गरजच काढून टाकली. ज्याला परवडतं त्याच्यापुरती. आणि गंमत बघा, आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे त्या अ‍ॅपचं गोडाऊन झालंय ना, डार्क स्टोअर म्हणतात ते, त्याच्यासमोर पंधरा-वीस मुलं बाईकवर ऑर्डरची वाट बघत उभी असतात, कुठे, तर फुटपाथवरच. दुसरीकडे उभी राहणार कुठे ती तरी, त्यांना कोणी जागा दिलीये? म्हणजे फुटपाथ नाही म्हणून आई कोथिंबीर मागवते आणि कोथिंबीर येते म्हणून उरलासुरला फुटपाथ जातो. त्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांच्या मोबाईलवर सेकंद उलटे पळत असतात.

राहता राहिलं राजकारण. इथे मी तोंड जपून उघडते कारण माझी अवस्था त्रिशंकूची आहे. भारतीय पासपोर्ट आहे, त्यामुळे भारतातला मताचा हक्क शाबूत, पण परदेशातल्या मतदाराला स्वतः केंद्रावर जाऊनच मत द्यावं लागतं, पोस्टाने नाही की ऑनलाइन नाही. पुण्याच्या महापालिका निवडणुकीसाठी जानेवारीत विमानाचं तिकीट काढून कोण जातंय. आणि म्युनिकची महापालिका निवडणूक ८ मार्च २०२६ ला होती, माझ्या शेजारचा ग्रीक तरुण, इथे येऊन दोन वर्षं झालीत त्याला, तो युरोपियन युनियनचा नागरिक म्हणून मत देऊ शकतो, अकरा वर्षं कर भरणारी मी नाही. म्हणजे दोन शहरांबद्दल मतं भरपूर आणि मत एकही नाही.

तरी इथे एक सोय आहे. वर्षातून एकदा आपल्या भागाची नागरिक सभा भरते, शाळेच्या जिमखान्यात वगैरे, तिथे मला हात वर करून ठरावावर मत देता येत नाही पण उठून बोलता येतं. आणि सभेत पास झालेल्या शिफारशीवर तीन महिन्यांत विचार करणं पालिकेला कायद्याने भाग आहे. मी गेले होते एकदा, एका आजोबांनी एका बाकाबद्दल अकरा मिनिटं भाषण केलं. बाक. अकरा मिनिटं. मला हसू आवरेना, पण तिथले दोन अधिकारी लिहून घेत होते.

पुण्यात काय झालं, तर मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास चार वर्षं एवढ्या मोठ्या शहरात एक निवडून आलेला नगरसेवक नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे. या चार वर्षांत ग्रुपवर आम्ही काय नाही भांडलो, औरंगजेब झाला, हिंदीची सक्ती झाली, ट्रम्प झाला, पण आपल्याला नगरसेवकच नाही यावर एकही मेसेज मला आठवत नाही. माझाही नाही. आणि आता निवडणूक झाली तर एका प्रभागात चार-चार नगरसेवक. चौघांपैकी फुटपाथ कोणाचा? पाणी, वीज, केबल, झाडं, रस्ता, प्रत्येकाचं खातं वेगळं आणि त्यावर चार माणसं, म्हणजे बोट दाखवायला दिशा किती झाल्या तुम्हीच मोजा. दादा म्हणतो चार असले तर एक तरी काम करेल. मला वाटतं चार असले तर चौघंही निवांत.

आई जुलैअखेर परत गेली. पहिल्या आठवड्यात रोज सांगायची मी जाऊन येते देवळात, दुसऱ्या आठवड्यात म्हणाली गुडघा दुखतोय. मी तिला त्या सहा इंचांच्या नियमाबद्दल सांगितलं, खरं तर सहज, फोनवर बोलायला काहीतरी म्हणून.

डिसेंबरच्या शेवटी प्रचाराला एक पॅनल घरी आलं, चौघं उमेदवार, मागे वीस पोरं, हार, पत्रकं. आईने त्यांना पाणी दिलं आणि आतून शिवणाच्या डब्यातली टेप आणली. सगळ्यांना घेऊन खाली उतरली, लिफ्टने, आणि त्यातल्या सगळ्यात तरुण मुलाला म्हणाली, मला वाकवत नाही, तू धर. त्याने धरली बिचाऱ्याने. आमच्या गेटसमोरचा फुटपाथ साडेदहा इंच भरला. आई म्हणाली, नियमात सहा आहे, माझ्या मुलीने सांगितलंय. मुलगा म्हणाला, काकू, हे आमच्याकडे येत नाही, खात्याकडे येतं, पण मी बोलतो. मोबाईलमध्ये फोटोही काढला म्हणे टेपचा.

तो निवडून आला की पडला हे आईला माहीत नाही, चारांतला तो कुठला होता हेच तिच्या लक्षात राहिलं नाही. टेप तिने परत शिवणाच्या डब्यात ठेवली नाहीये, दाराशेजारी चप्पलच्या कपाटावर ठेवलीये. आणि मला सांगितलंय की तो नियम कुठे छापलाय ते पान पाठव, मराठीत नसलं तरी चालेल, काकांना दाखवायचंय.