न दिसणाऱ्या चिन्हाचा छळ

ठरावीक शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी वेचण्यासाठी पायथनमध्ये छोटीशी स्क्रिप्ट लिहावी, तिने बाकीच्या ओळी बिनचूक शोधाव्यात आणि डोळ्यांसमोर धडधडीत दिसणारी पहिलीच ओळ नेमकी वगळावी, याचा आता खरोखर वीट आला आहे. दर वेळी कारण तेच निघते: फाइल जतन करणाऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामने तिच्या आरंभी बीओएमचे (बाइट ऑर्डर मार्क, म्हणजे बाइटांचा क्रम सांगणारे न दिसणारे चिन्ह) तीन बाइट गुपचूप चिकटवलेले असतात. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) बाइटांचा क्रम सांगण्याची गरजच नसताना हे लोढणे कशासाठी? बरे, ओळीच्या टोकांची मोकळी जागा छाटणारे पायथनचे स्ट्रिप वापरावे तर हे चिन्ह मोकळ्या जागेत मोडत नसल्याने जागचे हलत नाही. फाइल उघडतानाच एन्कोडिंग म्हणून ‘यूटीएफ-८-सिग’ लिहावे लागते, तेव्हा कुठे हे चिन्ह वगळले जाते. एवढी साधी फाइलसुद्धा निर्मळ का मिळू नये?