लाल पान आणायचं कुठून?

आज लेकाचा चार्ट शाळेतून परत आला. कोपऱ्यात लाल पेनानं शेरा: 'ऑटमची पानं लाल-नारंगी असतात. पुन्हा करून आणणे.'

तिसरीतलं पोरगं. चार्ट गुपचूप सोफ्यावर ठेवला आणि न सांगता हातपाय धुवायला गेला. न सांगता गेला म्हणजे मामला गंभीर. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. लांब होणार आहे पोस्ट, घाईवाल्यांनी पुढे सरकावं.

दिवाळीचा अभ्यास होता तो. कुटुंबासोबत 'ऑटम वॉक'ला जा आणि जे पाहिलं ते चार्टवर चिकटवा. खरं सांगते, मला कल्पना आवडली होती. नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत आपण नागपूरकर काय करतो? मॉल, मामाचं घर, चिवडा, पुन्हा मॉल. म्हटलं चला, या निमित्तानं घर तर हलेल.

रामटेकच्या पुढे आमच्या नात्यातल्या एकांचं धानाचं शेत आहे. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर आणि वर थोडं. शेताला लागून सागाचं जंगल. जंगलात आत शिरलो नाही हं, कमेंटमध्ये ओरडू नका. तो पेंचच्या वाघांच्या जंगलाकडचा भाग आहे, एवढी अक्कल आहे आम्हाला. शेतातल्या पांदणीनं, जंगलाच्या काठाकाठानं, भर अकराच्या उन्हात, गावचा माणूस सोबत घेऊन चाललो. मी, आमचे हे, पोरगा आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे.

मामाजींना न्यायचं ठरवलं तेव्हा यांनीच नाही म्हटलं होतं. गुडघे, ऊन, आणि मुख्य म्हणजे ते येतच नाहीत कुठं. सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून टीव्ही, पेपर, औषधाची डबी, टीव्ही. जेवताना 'मीठ द्या' यापलीकडे शब्द नाही. आम्ही सवय करून घेतली होती. हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

पहिली पंधरा मिनिटं तेच. पोरगा कुरकुरत होता, 'यात काय चिकटवू, सगळं हिरवंच तर आहे.' आमचे हे मोबाइलला रेंज शोधत पुढे चालले आणि मोठ्या रानकोळिणीच्या जाळ्यात तोंडच घातलं. दोन झाडांच्या मध्ये पिवळसर चमकणारं जाळं, मध्ये हातभर पाय पसरलेली ती. बरं, हातभर नाही, पण तळहाताएवढी नक्की. माणूस जो किंचाळला! पोरगा हसून हसून खाली बसला आणि बसला तो थेट वाळलेल्या गवतात.

उठला तर मोज्यांना, चड्डीला, सगळीकडे कुसळं. भोकाड पसरलं. मी झटकायला गेले तर आणखी रुतली. आणि मागून आवाज आला, "थांब बाप्पा, झटकू नको. इकडं ये."

मामाजी. बांधावर बसले, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक कुसळ उपसायला लागले. चार-पाच काढल्यावर एक त्याच्या तळहातावर ठेवलं. "याले थुका लाव. अन् पाह्य आता."

पोरग्यानं थुंकी लावली. आणि कुसळ फिरायला लागलं. खोटं नाही सांगत, घड्याळाच्या काट्यासारखं, आपलं आपण, हळूहळू गोल. पोरगं रडणं विसरलं. मी पण. बेचाळीस वर्षांची झाले, लहानपणापासून मोज्यातून कुसळं काढतेय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मामाजी बोलायला लागले ते बोलतच राहिले. त्या कुसळाची शेपटी वाळली की दोरीसारखी पिळली जाते, ओली झाली की पीळ सुटतो. रात्री दव पडतं, दिवसा ऊन लागतं. पीळ बसतो-सुटतो, आणि खालचं टोकदार बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. टोकाशी उलटे केस असतात, म्हणून शिरलेलं मागे येत नाही. मोज्यातूनही येत नाही ते म्हणूनच. काटोलकडे लहानपणी ढोरं चारायला जायचे तेव्हा पोट्टे पैज लावायचे म्हणे, कुणाचं कुसळ जास्त फिरतं. सासूबाईंनाही लग्नानंतर पहिल्यांदा शेतावर नेलं तेव्हा हेच दाखवलं होतं. हे बोलून जरा थांबले. मग म्हणाले, "चाल, साग दाखवतो तुले."

सागाच्या पानांवर पावसाळ्याच्या शेवटाशेवटाला अळी पडते. हिरवा गर खाते, शिरा तेवढ्या सोडते. पान उन्हाकडे धरलं तर क्रोशाच्या रुमालासारखी जाळी. झाड मरत नाही त्यानं. पोरग्यानं एक पान अख्खं आणलं. आणि बुंध्यातून फुटलेलं कोवळं पान मामाजींनी त्याच्या दोन्ही हातांत चोळायला दिलं, तर तळवे लालभडक! साग चोळला की लाल होतो. पोरगं रामटेकच्या गडापर्यंत खिडकीतून हात दाखवत आलं.

तर चार्टवर काय होतं? मधोमध जाळीचं पान. बाजूला टेपनं लावलेली तीन कुसळं, खाली त्याच्या अक्षरात 'थुंकी लावून पहा'. आणि घरी आणलेलं सागाचं पान चोळून उमटवलेला पंजा. घ्या, लाल हवं होतं ना, लालच होतं की! शाळेत पोचेपर्यंत तपकिरी झालं असेल, मान्य.

त्यावर शेरा, पानं लाल-नारंगी असतात.

कुठल्या गावची हो? मेपलची पानं नागपुरात आणायची कुठून, सीताबर्डीवरून? थंड देशातली झाडं थंडी पडायच्या आत पानं टाकतात, म्हणून तिथं तेव्हा जंगल पेटल्यासारखं दिसतं. सुंदर असेल, माझं काही म्हणणं नाही. पण आपलं जंगल पानझडी आहे ते पाण्यापायी. पाऊस संपतो, जमीन सुकत जाते आणि पाणी वाचवायला झाडं पानं सोडतात. म्हणजे पानगळ आपली शिशिरात. आजीला विचारा, सहा ऋतू घडाघडा म्हणेल. दिवाळीनंतर आपल्याकडे शरद असतो. गवत पिवळं पडतं, धान कापणीला येतं, आभाळ धुतल्यासारखं होतं. आणि लालच पाहायचं तर मार्च येऊ द्या. कुसुमाची नवी पालवी लाल. पिंपळाचं कोवळं पान तांबूस. पळस तर विचारूच नका. आपल्याकडे लाल रंग जुन्या पानाचा नाहीच मुळी, नव्याचा आहे! हे पुस्तकात का नाही?

हो, दारातल्या बदामाची पानं पिकून लाल होतात. माहीत आहे मला. एका झाडावरून वाद घालू नका.

आणि बाईंना तरी किती बोलू. वर्गात चाळीस-पन्नास पोरं, पुस्तकात चित्र मेपलचं, तपासायची यादीही तशीच दिली असणार. ठीक आहे. पण कुसळाला एकदा थुंकी लावून पाहायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. खाली लिहिलं होतं ना त्यानं. तेवढं जरी कुणी केलं असतं तरी मी ही पोस्ट लिहिली नसती.

बरं, एकट्या शाळेचंच काय. त्या दिवशी परत आलो तर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे भाऊजी. "कुठं गेलते वहिनी? पेंचले? मंग, वाघ दिसला का?" म्हटलं, नाही. "मंग कायले गेले?" आणि हसले. वाईट माणूस नाही, सगळं नागपूर हेच विचारतं. आपण टायगर कॅपिटल ना. वाघ दिसला नाही तर पैसे पाण्यात, दिवस वाया. सफारीवर गावांची पोटं भरतात, त्याला माझी ना नाही, मी स्वतः जिप्सीत बसून आलेय. पण घरातला माणूस दोन वर्षांनी बोलला हे सांगायची लिफ्टमध्ये सोय नसते. मी नुसतं म्हटलं, कुसळ दिसलं. त्यांना वाटलं मी टोमणा मारला, मुसळाचा. असो. तोही थोडा होताच.

आमचे हे म्हणतात, 'कशाला वाढवतेस, लाल क्रेप कागद आणतो, दहा मिनिटांचं काम.' पोरगाही तेच म्हणतो, 'आई, चिकटवून टाकू ना, काय होतं.' याचाच मला जास्त राग आलाय. आठ वर्षांचं पोर, आणि त्याला एवढ्यात कळलं की डोळ्यांनी पाहिलेलं बाजूला ठेवायचं आणि चित्रातलं चिकटवायचं.

मी कागद आणू देणार नाही. उद्या चार्ट आहे तसाच जाईल, सोबत माझी चिठ्ठी. नाव, शाळा काही विचारू नका, सांगणार नाही. मार्क गेले तर जाऊ देत. हो हो, दहावीला हे म्हणून दाखव म्हणाल. दहावीचं दहावीला पाहू.

हे टाइप करतेय आणि बाल्कनीत आजा-नातवाचं काहीतरी चाललंय. चार्टवरचं एक कुसळ टेपमधून निघालं होतं, ते तुळशीच्या कुंडीत उभं रोवलंय. मामाजी हातात पाण्याचा पेला घेऊन बसलेत. टीव्ही बंद आहे, सातच्या बातम्या सुरू झाल्या तरी.

"आबाजी, आणखी टाका ना पाणी."

"थांब रे. एवढं कायचं? एक थेंबच पुरे त्याले."