हरणांची बिस्किटं आणि हिरोशिमा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, मुलांच्या जपान सहलीवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रविवारीच वाचली. तेव्हा राग आला होता, म्हणून लिहायचं टाळलं. आज शांतपणे लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आठ दिवसांत जपानमधली चार शहरं धावत पाहिली, सव्वीस मुलांनी हजारो फोटो काढले, नारामध्ये हरणांना बिस्किटं चारली, आणि मी त्याला ‘सांस्कृतिक अनुभव’ असं भारदस्त नाव दिलं. शिवाय हिरोशिमाचं संग्रहालय पाहिल्यावर त्याच संध्याकाळी मुलं खिदळत जेवली, हे तुम्हाला खटकलं. तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाचं हे म्हणणं उडवून लावता येत नाही.

आधी कबुली. हिरोशिमात बॉम्बनंतर उरलेल्या घुमटाच्या अवशेषासमोरचा समूहफोटो मी काल लेखातून काढून टाकला. त्यात चार मुलांनी दोन बोटं वर केली आहेत. फोटो मी काढला होता आणि ‘हसा रे’ असंही सवयीने मीच म्हणालो होतो. मुलांना त्यासाठी बोल लावू नका.

क्योतोचा पहिला दिवसही बराचसा वाया गेला. किंकाकुजी या सोनेरी मंदिरात चाळीस मिनिटं होतो. तळ्याच्या काठाने एकेरी वाट, मागून रेटा, पुढे हातभर उंचावलेले फोन. सोनेरी मंडप पाहिला म्हणायचं, एवढंच. पण परतताना बसमध्ये गाइड सांगून गेली की ही इमारत 1955 सालची. मूळची 1950 मध्ये एका तरुण शिकाऊ भिक्षूने जाळली. मागच्या सीटवरून एका मुलीने विचारलं, ‘‘म्हणजे हे नकली आहे?’’ त्यावर बसमध्ये जी जुंपली! गाइडने मग जपानमधल्याच इसे इथल्या देवळाचं उदाहरण दिलं. तिथे दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नवं देऊळ उभारतात आणि जुनं उतरवतात; अलीकडे 2013 मध्ये उभारलं. लाकूड नवं, पण बांधायची रीत तीच. मग देऊळ जुनं की नवं? निम्म्या मुलांना ते पटलं, निम्म्यांना नाही. मला स्वतःला अजून पुरतं पटलेलं नाही.

हे लेखात नाही, कारण बसमधल्या भांडणाचा फोटो कोण काढतो? खरी चूक इथे आहे, सर. मी फोनमधले फोटो समोर ठेवून लेख लिहिला. ज्याचा फोटो होता ते आलं, बाकीचं गळलं. तुमच्यासमोर तो लेख होता, तेव्हा तुम्हाला दुसरं काय दिसणार?

हरणांबद्दल मात्र मी मागे हटत नाही. बिस्किटं चारली, मजा केली, एका हरणाने एकाचा नकाशा खाल्ला. कासुगा देवळाच्या देवाचे दूत म्हणून ती शेकडो वर्षं तिथे निर्भयपणे फिरतात, हे मुलांना त्याच गोंधळात कळलं. तिथून पाच मिनिटांवर तोदाइजी हे बौद्ध मंदिर. तिथला बुद्ध सुमारे पंधरा मीटर उंच. 752 मध्ये त्याचं नेत्रोन्मीलन, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखण्याचा विधी झाला, तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे रेखताना सगळ्यांचाच हात लागावा. हे तुम्हाला ठाऊक असणारच. मुलांना नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जायच्या महिनाभर आधी मलाही नव्हतं. दोऱ्यांची गोष्ट ऐकल्यावर मुलं त्या मूर्तीकडे पुन्हा वळून पाहत होती. हाताला तेव्हाही हरणांच्या बिस्किटांचा भुसा होताच.

आता हिरोशिमा.

आमच्यातला एक मुलगा संग्रहालयात शिरल्यापासून बडबडत होता. मी दोनदा डोळे वटारले. मग तो तीनचाकी सायकलीच्या काचेपाशी थांबला. गंजलेली, लहानशी सायकल आहे. बॉम्ब पडला त्या सकाळी तीन वर्षांचा मुलगा ती चालवत होता. तो गेला, तेव्हा वडिलांनी सायकलही त्याच्याबरोबर अंगणात पुरली. चाळीस वर्षांनी ती उकरून संग्रहालयाला दिली. आमच्या मुलाने पाटी दोनदा वाचली आणि पुढची दालनं न पाहता बाहेर जाऊन बाकावर बसला. मी त्याच्याशी काही बोललो नाही. काय बोलायचं, हे सुचलंही नाही.

त्यानंतर आम्ही उद्यानातल्या मुलांच्या स्मारकाकडे गेलो. सादाको सासाकी ही मुलगी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती आणि 1955 मध्ये बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. हजार क्रौंच केले की इच्छा पुरी होते, या जपानी समजुतीने आजारपणात ती कागदाचे क्रौंच करायची. तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेतला, देशभरच्या मुलांनी पैसे जमवले आणि 1958 मध्ये हे स्मारक झालं. आमच्या मुलांनीही हजार क्रौंच करायचं ठरवलं होतं. झाले चारशेच्या आसपास, तेही बॅगेत चेपलेले. आम्ही पोचलो तेव्हा शाळेच्या सहलीला आलेला एक जपानी वर्ग रांगेत उभा होता. त्यांचे क्रौंच रंगांनुसार लावून ओवलेले, माळा सरळ. आमची मुलं प्लॅस्टिकची पिशवी पाठीमागे लपवू लागली.

त्यांच्यातल्या दोघी पुढे आल्या. पिशवीकडे बोट दाखवलं. त्यांच्या बाईंच्या पर्समधून सुई-दोरा निघाला. मग पायरीवर बसून त्यांनी आणि आमच्या मुलांनी चेपलेला एकेक क्रौंच पंख ओढून सरळ केला आणि ओवला. आमच्याकडे ‘अरिगातो’ एवढा एक शब्द, त्यांच्याकडे इंग्रजीचे पाचसहा. निम्मेच ओवून झाले, कारण त्यांची बस आली. या नादात आमचं पुढचं ठिकाण हुकलं. मी घड्याळ दाखवत घाई करत होतो, हेही लिहायला हवं. बाकावरचा मुलगा कधी उठून येऊन ओवायला बसला, ते मी पाहिलं नाही.

संध्याकाळी जेवताना सगळ्यात मोठ्याने हसत होता, तो हाच. पंधरा वर्षांच्या पोराने दुपारी ते पाहिलं म्हणून रात्री तोंड पाडून बसावं, अशी अपेक्षा माझी नाही. तुमची असेल, तर इथे आपलं जमणार नाही. आणि ज्या जेवणावरून तुम्ही रागावलात, ती ओकोनोमियाकी, म्हणजे तव्यावरचं भरलेलं धिरडं, तिथे पोटभरीची झाली युद्धानंतर. बॉम्बनंतर शहरात तांदळाचा तुटवडा होता, गव्हाचं पीठ मिळायचं. पिठाच्या पातळ थरावर कोबी रचून गाड्यांवर विकायचे. नूडल्स, अंडं वगैरे पुढे आलं. तवा सांभाळणाऱ्या आजीबाईंनी गाइडकरवी आम्हाला हे सांगितलं, तेव्हा मुलं कालथ्याने तव्यावरूनच खात होती. दोघांनी ऐकलं असेल, बाकीचे सॉससाठी भांडत होते.

पुढच्या वर्षीच्या सहलीतून ओसाका गाळतोय. मुलं कुरकुरतील. तो दिवस हिरोशिमाला देणार, दुपार पूर्ण मोकळी ठेवून. एक विनंती आहे : संग्रहालयात शिरण्याआधी मुलांना काय सांगावं आणि काय अजिबात सांगू नये, हे तुम्ही लिहून पाठवाल का? यंदा मी बसमध्ये वीस मिनिटं भाषण दिलं होतं. त्या सायकलीपुढे त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही.