रेनकोट घालून सिंहगड? त्या सात नियमांचा हिशेब

मार्चचा शेवटचा शनिवार, सकाळचे साडेसात. सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर, निम्म्याच्या जरा वर, सरबतवाल्या मावशींच्या बाकड्यावर माझी मोठी बहीण बसली होती. अंगात रेनकोट. पावसाळ्यात स्कूटरवर घालते तोच, निळा, गळ्यापर्यंत चेन ओढलेला. बाहीचं इलॅस्टिक मी मनगटावरून सरकवलं तर आतून घामाची धार लागली. ओठ पांढरेफटक, डोकं भणभणतंय, मळमळतंय. आणि तरी, "मध्ये थांबायचं नसतं रे, लिहिलंय तसं," हे चालूच. ऊन अजून तापलंही नव्हतं.

मावशींनी चेन खाली ओढली, ओला पंचा मानेवर टाकला आणि मीठ-साखर जास्तीची घातलेला ग्लास हातात दिला. "ताई, पावसात घालायचं ते आज घातलंत. मग आज प्यायचं ते काय आषाढात पिणार?"

अर्ध्या तासाने ती सावरली. आम्ही तिथूनच खाली आलो.

'लिहिलंय' म्हणजे अर्थात व्हॉट्सअ‍ॅपवर. 'वसंतात गड चढा, चरबी वितळवा : वाग्भटांचे ७ नियम' हा मेसेज महिनाभर फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल, नसेल तर येईल. थोडक्यात त्यात म्हटलंय ते असं. वसंतात कफ वितळतो, म्हणून पूर्ण शक्तीने चढा, दम लागला तरी थांबू नका. रेनकोट किंवा प्लास्टिकचा सूट घाला, जितका घाम तितकी चरबी. चढताना पाणी पिऊ नका, वर पोचल्यावर अर्ध्या तासाने प्या. उपाशीपोटी चढा. अनवाणी चढा. उतरताना गुडघे झिजतात, म्हणून जीपने उतरा. आणि असे २१ शनिवार केले की बीपी-शुगरच्या गोळ्या बंद. खाली हात जोडलेल्या तीन आकृत्या आणि 'दहा जणांना पाठवा, पुण्य मिळेल'.

मी हा मेसेज पाहिलाच नव्हता असं म्हणणार होतो. पण आमच्या शनिवारच्या ग्रुपवर मागे जाऊन पाहिलं तर त्याखाली माझाच अंगठा होता. न वाचता दिलेला. तेव्हा आता वाचून लिहितो.

वाग्भट म्हणजे आयुर्वेदाचे जुने आचार्य. त्यांचं नाव घेतलंय तर त्यांच्यापासूनच सुरू करू, कारण या मेसेजचा सगळा रुबाब त्या नावावर आहे. त्यांचा ग्रंथ अष्टांगहृदय. त्याच्या सूत्रस्थान या पहिल्या भागातला दुसरा अध्याय दिनचर्येचा. त्यात व्यायामाचं कौतुक आहेच: अंग हलकं होतं, अग्नी पेटतो, मेद कमी होतो. तेवढं मेसेजवाल्याने उचललं. पुढे काय आहे? 'अर्धशक्त्या निषेव्यस्तु'. बलवान असाल, तूप-तेल पचवत असाल, तर थंडीत आणि वसंतात व्यायाम करा, पण अर्ध्या शक्तीने. इतर ऋतूंत त्याहूनही कमी. म्हणजे ज्या ऋतूचं नाव घेऊन 'पूर्ण शक्तीने' म्हटलंय, नेमक्या त्याच ऋतूचं नाव घेऊन मूळ ग्रंथ 'अर्ध्या शक्तीने' म्हणतो. अर्धी शक्ती ओळखायची कशी, तेही सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या दुसऱ्या जुन्या ग्रंथात सांगितलंय: श्वास तोंडावाटे सुरू झाला की निम्मं बळ संपलं. दम लागला की थांबा, हे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. अति व्यायामाने तहान, धाप, खोकला, ताप, उलटी होते अशी यादीही वाग्भट देतात, आणि अति करणारा माणूस हत्तीला ओढणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो म्हणतात. ताईची मळमळ त्या यादीत चोख बसते.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. वसंतात कफ पातळ होतो आणि त्यावर व्यायाम हा उपाय, हे त्याच ग्रंथात ऋतुचर्येच्या अध्यायात खरोखर आहे. मेसेजवाल्याने ते हवेतून आणलेलं नाही. पण त्याच वर्णनात वसंतात प्यायच्या पाण्यांची यादीही आहे, सुंठीचं, मधाचं, नागरमोथ्याचं. आणि दुपार थंडगार वनराईत काढा असंही आहे. तिथे 'पाणी पिऊ नका' मला तरी सापडलं नाही.

आता रेनकोट. बाकीचे नियम मूर्खपणाचे आहेत, हा जिवावरचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

ताईचं वजन ६५ किलो. आतकरवाडीपासून वरपर्यंत चढण साधारण ६०० मीटर. एवढं वजन तेवढ्या उंचीवर नेण्याचं निव्वळ काम शाळेतल्या सूत्राने काढा: ९० किलोकॅलरींच्या आसपास येतं. पण शरीर हे काही काटकसरी यंत्र नाही. चढताना जेवढी ऊर्जा खर्च होते त्यातली २०-२५ टक्केच कामी येते, बाकीची उष्णता होते. म्हणजे एकूण खर्च ४०० च्या घरात आणि त्यातली ३०० किलोकॅलरी तरी नुसती उष्णता. एक किलो शरीर एका अंशाने तापायला सुमारे ०.८३ किलोकॅलरी लागते. ६५ किलोंचा गुणाकार करा. ती सगळी उष्णता आतच कोंडून राहिली तर अंगाचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने चढेल. ३७ चं साडेबेचाळीस. रेनकोट म्हणजे थर्मास नव्हे, काही उष्णता निघून जातेच, म्हणून माणसं वाचतात. पण हिशेब कुठल्या दिशेने चाललाय ते कळलं ना?

ती उष्णता बाहेर काढायचं काम घामाचं. नुसता घाम येऊन काही होत नाही, तो उडायला हवा. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण उडाला तर ५८० च्या आसपास किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे अर्ध्या-पाऊण लिटरात चढणीचं काम भागतं. रेनकोटमध्ये घाम येतो, उडत मात्र नाही. तो बाहीत साठतो, बुटात उतरतो. शरीर आणखी घाम काढतं, तोही साठतो. म्हणजे पाणी जातं, मीठ जातं आणि गारवा मिळत नाही. त्यात वरून 'पाणी पिऊ नका'.

हे दोन नियम एकत्र पाळल्यावर काय होतं याचं उत्तर १९९७ सालीच मिळालेलं आहे. ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर या ३३ दिवसांत अमेरिकेत तीन कॉलेजकुमार पैलवान दगावले. एक नॉर्थ कॅरोलिनात, एक विस्कॉन्सिनमध्ये, एक मिशिगनमध्ये. वयं १९ ते २२. तिघेही सामन्याआधी वजन उतरवत होते, तिघांनीही वाफ बाहेर न सोडणारे सूट घातले होते, तिघांनीही पाणी तोडलं होतं, आणि तशात गरम हवेत व्यायाम चालू होता. तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये याचा अहवाल छापला, आणि एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने ते सूट बंद करून टाकले. रोज आखाड्यात घाम गाळणारी विशीतली पोरं होती ती. माझी ताई ४९ वर्षांची, बँकेत खुर्चीवर बसून काम करणारी. तिला कुणी तरी हाच सल्ला 'आयुर्वेदिक' म्हणून पाठवतं आणि खाली पुण्याची लालूच दाखवतं.

"पण काट्यावर सव्वा किलो कमी दिसलं होतं," ती परवा म्हणाली. दिसणारच. ते पाणी होतं. सोमवारी काटा परत जागेवर. चरबीचा हिशेब वेगळाच आहे: एक किलो चरबीत ७,७०० च्या आसपास किलोकॅलरी असतात, सिंहगडाच्या एका चढाईत ४०० गेल्या. सगळ्या चरबीतूनच गेल्या असं धरलं तरी फार तर ५० ग्रॅम. (वरच्या भज्यांची एक प्लेट ते भरून काढते, दह्याच्या मडक्याबद्दल मी काही बोलत नाही.) आणि जळलेली चरबी जाते कुठून? २०१४ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हिशेब मांडला होता. १० किलो चरबी जळाली तर तिचे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातात, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. चरबी मुख्यतः नाकातोंडातून जाते हो! रेनकोट घालून ती जास्त जायची नाही.

पाण्याच्या नियमात कणभर तथ्य आहे, तेही सांगून टाकतो. पायथ्याशी अर्धी बाटली घटाघट रिकामी करून लगेच चढायला लागलात तर पोटात डुचमळतं, कुशीत कळ येते. जुनी माणसं म्हणूनच 'ढसाढसा पिऊ नको' म्हणायची. त्याचं 'पिऊच नको' झालं. घोट घोट प्या, दर वळणाला प्या, मधे लिंबू-मीठ घाला. संपला विषय.

उपाशीपोटी आणि गोळ्या बंद या दोन नियमांना मी एकत्रच घेतो, कारण आमच्या घरी ते एकत्रच आले. भाऊजींना मधुमेह आहे. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन, पोटात अन्नाचा कण नसताना दीड तास चढलात तर साखर इतकी खाली जाऊ शकते की वाटेतच डोळ्यांपुढे अंधारी. आणि 'गोळ्या बंद' वाचून गोळी सोडली तर दुसऱ्या बाजूने संकट. नियमित चढण्याने बीपी-शुगर सुधारते, हे खरंच आहे, कित्येकांचा डोस त्यामुळे कमीही होतो. पण तो डॉक्टर रिपोर्ट बघून कमी करतात, शनिवार मोजून नाही. २१ हा आकडा आला कुठून? मोदकांवरून?

अनवाणी चढण्याबद्दल एकच वाक्य: मार्चमध्ये त्या वाटेवर सुटा मुरूम असतो आणि करवंदीचे काटे असतात.

राहिले गुडघे. इथे मेसेजवाला निम्मा बरोबर आहे, आणि निम्मं बरोबर असलेलंच लोकांना पटतं. उतरताना गुडघ्यावर भार चढण्यापेक्षा जास्त येतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तो उतरणीचाच प्रसाद. ज्यांचे गुडघे आधीच गेलेत त्यांनी जीपने उतरण्यात काही कमीपणा नाही. पण सरसकट सगळ्यांनी? ऑस्ट्रियाच्या आल्प्समध्ये एक मजेशीर प्रयोग झाला होता. माणसांना दोन महिने डोंगर चढायला लावलं आणि उतरायला केबल कार दिली, मग दोन महिने उलट. चढण्याने रक्तातले ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, कमी झाले आणि उतरण्याने शरीराला साखर जास्त चांगली पचायला लागली. अभ्यास छोटा आहे, त्यावर कुणी किल्ले बांधू नयेत. तरी गंमत बघा, शुगरची गोळी बंद करायला निघालेला मेसेज शुगरला उपयोगी पडणारा भागच जीपमध्ये बसवतोय. उतरताना पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, हातात काठी घ्या. पायथ्याशी काठ्या मिळतात, नाहीतर घरून आणा.

आणि वसंतातल्या चढाईसाठी खरंच जे सांगायला हवं त्यातलं एक अक्षर त्या सात नियमांत नाही. मार्चअखेर पुण्यात दुपारी पारा ३६-३७ ला जातो, म्हणून पहाटे निघून दहाच्या आत खाली यावं. वाळलेल्या गवतावर आणि घसाऱ्यावर पाय सटकतो तो उतरताना, आणि तोही गप्पांच्या नादात. आग्या मोहोळ दिसलं तर आवाज बंद, अत्तर लावून येणाऱ्यांनी तर यायचंच नाही. विडीचं थोटूक गवतात फेकणाऱ्याला तिथेच सुनावायचं, या दिवसांत वणवा पेटायला तेवढं पुरतं. आणि मान वर करून बघायचं. काटेसावर झडत आलेली असते, कुसुंबाची नवी पालवी तांबड्या रंगात फुटलेली असते. पावसाळ्यातल्या गर्दीला हे दिसत नाही.

हा मजकूर मी आमच्या ग्रुपवर टाकणार आहे, माझा तो अंगठा काढून. टाकण्याआधी ताईला वाचायला पाठवला. उत्तर आलं: "शनिवारी येते. स्वारगेटवरून ५० नंबरची पहिली बस. पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्यात. तुझे भाऊजी पोहे खाऊन येतील. पण ग्रुपवर माझं नाव टाकलंस तर बघ."

म्हणून नाव टाकलेलं नाही. नुसतं 'ताई' म्हटलंय.